धरणाच्या खालच्या अंगाला

व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला एक सवय नकळत लागते. रक्कम जमा दिसली की ती कोणाच्या नावे पडली, हे तो पाहतो. एकाच बाजूने लिहिलेली वही त्याला वही वाटत नाही. मी आमच्या दुकानाची किर्द आणि खतावणी पस्तीस वर्षे लिहिली. पुढे संगणक आला, मुलांच्या हाती कारभार गेला. पण डोळ्यांची सवय मोडली नाही. वर्तमानपत्रातील बातमी असो की इतिहासातील पराक्रम, दुसरी बाजू कुठे नोंदली आहे, हा प्रश्न मनात येतोच. यंदाच्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये लेकीकडे असताना एका खेड्यात ऐकलेल्या व्याख्यानाने हा प्रश्न फार तीव्रतेने पुढे उभा केला आणि तो घरच्या एका निर्णयापर्यंत येऊन पोचला. म्हणून हे लिहीत आहे.

माझे जावई लिंकन शहरात नोकरी करतात. लिंकनशायर हा परगणा सपाट आहे. मे महिन्यात आपल्याकडच्या मोहरीच्या जातीचे पीक तेथे पिवळेधमक फुललेले असते आणि शहरातील टेकडीवरचे कॅथीड्रल कित्येक मैलांवरून दिसते. दुसऱ्या महायुद्धात या एका परगण्यात चाळिसाहून अधिक विमानतळ होते. सपाट जमीन आणि जर्मनीकडे तोंड असलेला पूर्व किनारा, या दोन कारणांनी बाँबफेकी विमानांची मोठी ठाणी येथे वसली. लिंकनच्या उत्तरेस स्कॅम्पटन हे त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध ठाणे. तिकडे जाणारा रस्ता मूळचा रोमन काळातला, त्यामुळे दोरी लावून आखल्यासारखा सरळ. स्कॅम्पटनपाशी मात्र तो धनुष्यासारखा वळतो. कारण १९५० च्या दशकात मोठ्या विमानांसाठी धावपट्टी लांबवताना रस्ताच बाजूला सरकवावा लागला. आता ते ठाणे बंद झाले आहे.

त्या परिसरातील एका गावाच्या इतिहासप्रेमी मंडळींनी गावच्या सभागृहात व्याख्यान ठेवले होते. विषय होता १६ मे १९४३ च्या रात्री स्कॅम्पटनवरून जर्मनीतील धरणांवर झालेला हल्ला. वक्ते निवृत्त शिक्षक होते. साठ-सत्तर श्रोते, बहुतेक माझ्याच वयाचे. मध्यंतरात चहा-बिस्किटे होती. त्या दिवसांत तेथे सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे सव्वाआठ वाजता चहा घेऊनही माझा चौविहार सांभाळला गेला. बिस्किटांची वेष्टने लेकीने आधी वाचून पाहिली, हे सांगायला नकोच.

वक्त्यांनी हकीकत फार व्यवस्थित सांगितली. जर्मनीच्या रूर खोऱ्यात पोलादाचे व शस्त्रांचे कारखाने होते आणि त्यांना पाणी व वीज पुरवण्यात म्योने, सोर्पे अशा धरणांचा वाटा मोठा होता. एडर हे आणखी एक मोठे धरण पूर्वेला होते. धरणाच्या भिंती इतक्या जाड की वरून टाकलेल्या साध्या बाँबने त्यांना काही होणार नाही. पाण्यातून सोडलेले पाणतीर अडवण्यासाठी पुढे जाळ्या लावलेल्या. बार्न्स वॉलिस या अभियंत्याने यावर वेगळा विचार केला. लहान मुले चपटा दगड तिरपा फेकून पाण्यावरून टप्पे घेत पळवतात, तसा बाँब पळवला तर तो जाळ्यांवरून उड्या मारत भिंतीपर्यंत जाईल, भिंतीला टेकून खाली बुडेल आणि पाण्याखाली फुटेल. त्या स्फोटाचा सारा दाब मग पाणीच भिंतीवर ढकलील. या कल्पनेचा पहिला प्रयोग त्याने आपल्या घराच्या अंगणात, टबात पाणी भरून, मुलांच्या गोट्यांनी केला होता.

गोट्यांवरून सुरू झालेली ही कल्पना वर्षभराने चार टनांहून जड पिंपाच्या आकाराच्या बाँबपर्यंत पोचली. त्यात सुमारे तीन टन स्फोटके भरलेली. विमानातून सुटण्यापूर्वी तो मिनिटाला पाचशे फेऱ्यांच्या वेगाने उलटा फिरवायचा, आणि विमान पाण्यापासून बरोबर साठ फुटांवर असताना सोडायचा. रात्रीच्या अंधारात साठ फूट कसे ओळखायचे? विमानाच्या पोटाला दोन दिवे अशा कोनात बसवले की त्यांचे झोत पाण्यावर एकमेकांना मिळाले म्हणजे उंची बरोबर आली, असे समजावे. इतकी सोपी युक्ती ऐकून सभागृहातील सगळे हसले. मलाही कौतुक वाटले. आपल्या बाजारात अशी बुद्धी असणाऱ्याला लोक मानतात.

या कामासाठी मार्च १९४३ मध्ये एक नवी तुकडी उभारली गेली. तिचा प्रमुख गाय गिब्सन चोवीस वर्षांचा होता. त्या रात्री १९ लँकेस्टर विमानांतून १३३ माणसे गेली; बहुसंख्य ब्रिटिश, शिवाय कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडचे, आणि एक अमेरिकन. अनेकांचे वय वीस-बावीस. युद्धकाळात इंग्लंडची घड्याळे मूळ वेळेच्या दोन तास पुढे केलेली होती. म्हणून पहिली विमाने साडेनऊच्या सुमारास उडाली तेव्हा उजेड होता. वैशाखातील पौर्णिमा दोन-तीन दिवसांवर आली होती. चांदण्यात, शत्रूला दिसू नये म्हणून झाडांच्या शेंड्यांवरून ती गेली. काही विमाने विजेच्या तारांना अडकून पडली, काही तोफांना बळी पडली. म्योने धरण पाचव्या बाँबने फुटले. एडरही फुटले. सोर्पेची भिंत मातीच्या भरावाची होती; ती टिकली. पहाटे परतताना ११ विमाने होती. आठ आली नाहीत. ५३ जण मेले, तिघे कैदी झाले.

हे सांगून वक्त्यांनी ५३ नावे पडद्यावर दाखवली. प्रत्येकाचे वय आणि गाव. सगळे उभे राहिले. मीही उभी राहिले. त्या मुलांच्या आयांना दुसऱ्या दिवशी आलेल्या तारांचा विचार मनात आला. विजयाच्या आनंदात सारे असताना वॉलिस मात्र न परतलेल्या मुलांच्या दुःखाने खचून गेला होता, असे वक्त्यांनी सांगितले. पुढे १९५१ मध्ये त्याला शोधांबद्दल सरकारकडून १०,००० पौंड मिळाले. ते त्याने स्वतःसाठी न ठेवता, आपण जेथे शिकलो त्या शाळेत हवाई दलातील माणसांच्या मुलांच्या शिक्षणासाठी निधी उभारायला दिले. देवघेवीची जाण असलेल्या माणसाचे हे कृत्य आहे. आपल्या बुद्धीने कमावलेल्या यशापुढे कोणाच्या घरची रक्कम पडली आहे, हे त्याला ठाऊक होते.

प्रश्नोत्तरे सुरू झाली तेव्हा पहिले दोन-तीन प्रश्न विमानांविषयी, इंजिनांविषयी आले. मग मागच्या रांगेतील एक वृद्ध बाई उठल्या. त्या पूर्व किनाऱ्यावरच्या होत्या. १९५३ च्या ३१ जानेवारीच्या रात्री उत्तर समुद्राचे पाणी बांध ओलांडून इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर शिरले आणि तीनशेच्या वर माणसे दगावली. बाई तेव्हा लहान होत्या. अंधारात जिन्यावर बसून पाणी एक-एक पायरी चढताना त्यांनी पाहिले होते. त्यांनी अगदी हळू आवाजात विचारले, "धरणाच्या खाली कोण राहत होते? त्यांना कोणी सांगितले होते का?"

वक्ते प्रामाणिक होते. त्यांनी प्रश्न टाळला नाही. म्योने जलाशयात पूर्ण भरल्यावर १३ कोटी घनमीटरांहून अधिक पाणी मावते आणि त्या मे महिन्यात तो काठोकाठ भरलेला होता. किंबहुना म्हणूनच तो महिना निवडला होता. भिंतीला सुमारे ७६ मीटर रुंद खिंडार पडले आणि पाणी खोऱ्यात उतरले. थोड्या अंतरावर एक जुने मठाचे देऊळ होते. तेथील पाद्री लाट येईपर्यंत लोकांना जागे करण्यासाठी घंटा वाजवीत राहिला आणि देवळासह गेला, असे सांगतात. साधारण अर्ध्या तासात पाणी नेहाइम या गावी पोचले. तेथे नदीकाठच्या सखल कुरणात लाकडी बराकींची एक छावणी होती. तीत जर्मनांनी युक्रेन, पोलंड, रशिया अशा जिंकलेल्या मुलखांतून पकडून आणलेल्या बायका ठेवल्या होत्या. दिवसा त्या कारखान्यांत सक्तीने राबत. त्या बराकी पाण्याने उचलून नेल्या.

त्या एका रात्री १,३०० च्या आसपास माणसे बुडाली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक परदेशी सक्तीचे मजूर आणि युद्धकैदी होते. एकट्या नेहाइमच्या छावणीत सुमारे पाचशे बायका. ज्या राजवटीविरुद्ध ही विमाने गेली होती, त्याच राजवटीने त्यांना घरातून ओढून आणले होते. विमानातील मुलांना ही छावणी ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. पण पाणी खाली उतरणार आणि खाली वस्ती आहे, हे नकाशा पाहणाऱ्या कोणालाही दिसण्यासारखे होते. "त्या बायकांची नावे पडद्यावर दाखवता येतील का?" असे त्या वृद्ध बाईंनी विचारले. वक्ते म्हणाले, "माझ्याजवळ नाहीत. माझ्याजवळ आकडा आहे."

सभागृहात काही वेळ कोणी बोलले नाही. माझ्या मनात मात्र पुणे आले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला फुटले, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. माहेरचे घर व दुकान नदीजवळच्या पेठेत. आदल्या रात्री पानशेतच्या भरावावर जवान वाळूची पोती रचत होते. शहराला मात्र पूर्वसूचना वेळेवर पोचली नाही. आम्ही वाड्याच्या वरच्या मजल्यावर आणि मग शेजारच्या उंच इमारतीत गेलो म्हणून वाचलो. पाणी ओसरल्यावर दुकानात मांडीभर गाळ होता. लाल कापडाच्या बांधणीच्या वह्या फुगून पावासारख्या झालेल्या. वडिलांनी त्या गच्चीवर उन्हात एकेक पान उलगडून वाळवल्या. शाई पसरली होती. ज्यांच्याकडे उधारी होती, त्यांतील कितीतरी जण आपण होऊन आले आणि "शेठजी, माझ्याकडे इतके निघतात, लिहून घ्या," म्हणाले. काही आले नाहीत. वडिलांनी त्यांची विचारपूस केली नाही.

पण एक नोंद त्यांना करता आली नाही. आमच्याकडे एक हमाल होता. नदीकाठच्या झोपडीत राहत असे. पुरानंतर तो दिसला नाही. वडिलांनी नव्या वहीत पहिल्या पानावर त्याचे नाव लिहून त्याच्या घरच्यांसाठी काही रक्कम मांडून ठेवायचे ठरवले. तेव्हा लक्षात आले की आम्हाला त्याची फक्त हाक ठाऊक होती. आडनाव, गाव, घरी कोण, यांपैकी काहीही कोणाला माहीत नव्हते. बाजारात विचारून पाहिले. ती रक्कम कित्येक वर्षे "हमाल" या शब्दासमोर पुढे ओढली जात राहिली. मी वह्या लिहू लागण्यापूर्वी वडिलांनी मला ते पान दाखवले होते. ते म्हणाले होते, "ज्याचे नाव ठाऊक नाही त्याचे देणे फिटत नाही."

दुसऱ्या दिवशी लेकीने मला लिंकनजवळच्या कॅनविक टेकडीवर नेले. बाँबर कमांडमध्ये कामी आलेल्यांचे स्मारक तेथे आहे. मध्यभागी ३१ मीटर उंच पोलादी मनोरा. त्याची उंची लँकेस्टर विमानाच्या एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीइतकी ठेवली आहे. भोवती गंजाच्या रंगाच्या पोलादी भिंती आणि त्यांवर कोरलेली सुमारे ५८,००० नावे. विमानांतून गेलेल्या सव्वा लाख जणांपैकी ५५,५७३ मेले. म्हणजे शंभरातले चव्वेचाळीस. व्यापारात इतकी तूट कोणी सोसणार नाही. आत शिरलेला माणूस बोलणे विसरतो. या केंद्राची एक गोष्ट मला विशेष वाटली. बाँब टाकणाऱ्यांच्या आठवणींबरोबर, ज्यांच्यावर बाँब पडले त्यांच्याही आठवणी त्यांनी संग्रहित केल्या आहेत. ही दुहेरी नोंद आहे, आणि ती युद्ध जिंकलेल्यांनी आपणहून ठेवली आहे.

स्कॅम्पटनच्या ठाण्यावर एका कुत्र्याची कबर आहे, हेही मला तेथेच कळले. गिब्सनचा लाडका काळा कुत्रा हल्ल्याच्या आदल्या संध्याकाळी मोटारीखाली सापडून मेला. गिब्सनने सांगून ठेवले होते की आपण धरणाकडे निघालेले असू त्या मध्यरात्री त्याला पुरावे. मुक्या जीवावरचे ते प्रेम खरेच होते. त्या कुत्र्याचे नाव मात्र कृष्णवर्णीयांना हिणवण्याचा शब्द होता. म्योने धरण फुटल्याचा संदेश म्हणून तोच शब्द त्या रात्री पाठवला गेला. २०२० मध्ये जुना दगड काढून नाव नसलेला दगड तेथे बसवला गेला. त्यावर बराच वाद झाला. मला त्या वादात पडायचे नाही. नाव ठेवावे की काढावे यावर माणसे इतकी भांडतात, यावरून नावाचे मोल किती, एवढे मात्र उमगते.

आता हिशोबाकडे येते. या हल्ल्याच्या जमा बाजूला काहीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. समोर हिटलरची राजवट होती. साठ लाख ज्यूंचा संहार तिने केला. तिच्यापुढे हात जोडून बसणे ही अहिंसा नव्हे. आपल्याकडे श्रावकासाठी हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. आक्रमकाला रोखताना घडणारी विरोधी हिंसा गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाही, हे आपल्या आचार्यांनी ओळखले होते. श्रवणबेळगोळची बाहुबलींची मूर्ती घडवून घेणारा चामुंडराय हा सेनापती होता. महाराणा प्रतापांना आपले द्रव्य देणारा भामाशाह ओसवाल होता. म्हणून त्या ५३ मुलांकडे बोट दाखवण्याचा अधिकार माझ्यासारखीला नाही. कारखान्यांचे पाणी व वीज काही काळ तुटली. इंग्लंडमधील लोकांना धीर आला. धरण दुरुस्त करायला जर्मनीला हजारो मजूर दुसरीकडून हलवावे लागले.

नावे बाजूही तितक्याच नीट लिहावी लागेल. म्योने धरण त्याच वर्षीच्या सप्टेंबरअखेर पुन्हा उभे राहिले. ते उभे करणाऱ्यांत पुन्हा सक्तीचे मजूर होतेच. बुडालेल्या बायका मात्र परत आल्या नाहीत. प्रतिक्रमण करताना सातव्या व्रताच्या अतिचारांत आपण पंधरा कर्मादाने म्हणतो. त्यांत एक आहे सर-द्रह-तलाव यांचे शोषण, म्हणजे पाणीसाठे रिकामे करण्याचा धंदा. लहानपणापासून तोंडपाठ असलेले ते शब्द मला नेहमी जुन्या काळातील शेतीविषयी आहेत, असे वाटे. साठा फोडला की पाण्यातील जीव मरतात आणि पाण्यावर जगणारेही मरतात, हे ज्यांनी हजारो वर्षांपूर्वी ओळखून ठेवले, त्यांच्या नजरेची लांबी मला त्या सभागृहात कळली. जगाने तीच गोष्ट १९७७ मध्ये लिहून काढली. जिनिव्हा करारांना जोडलेल्या पहिल्या पुरवणी करारात म्हटले आहे की धरण लष्करी लक्ष्य असले, तरी ते फुटून नागरिकांची मोठी हानी होणार असेल तर त्यावर हल्ला करू नये.

मला याहून जवळचे वाटले ते कृत, कारित आणि अनुमोदित हे त्रिक. स्वतः करणे, करवणे आणि संमती देणे. बाँब सोडणारा एक असतो. पण त्याचे पिंप ओतणारा, दिवे बसवणारा, पोलाद पुरवणारा, पैसा पुरवणारा असे कितीतरी हात त्यामागे असतात. नेहाइमच्या कारखान्यांना माल पुरवणारे जर्मन व्यापारीही होतेच. कोण राबते आहे आणि कोणाच्या इच्छेने, हे त्यांनी विचारले नसावे. दर आणि मुदत यांपलीकडे न विचारण्याची शिस्त आपल्या बाजारातही आहे, आणि तिला आपण सचोटी समजतो.

हे सारे मनात घोळत असतानाच पुण्याहून धाकट्या दिरांचा फोन आला. माझ्या पुतण्याचा भोसरीला लहान कारखाना आहे. लेथवर धातूचे सुटे भाग करून देतो. गेल्या वर्षी त्याने कर्ज काढून नवे यंत्र घेतले. त्याला एका मध्यस्थाकडून मोठे काम येत होते. तोफगोळ्यांची पोकळ कवचे तासून द्यायची. दर उत्तम, वर्षभराची खात्री, यंत्राचा हप्ता सहज निघेल असा नफा. घरात दोन तट पडले होते. दीर म्हणत होते, "वहिनी, तुम्ही थोरल्या. तुम्ही सांगाल ते करू." पुतण्याचे म्हणणेही पोरकट नव्हते. "काकू, आपण करणार नाही तर शेजारचा करील. सीमेवरच्या जवानाला गोळा लागतोच ना? तो आपल्यासाठीच उभा आहे."

मी त्याला नाही म्हटले नाही. एवढेच विचारले, "माल जाणार कोठे?" देशाच्या सैन्याकडे जात असेल, तर विरोधी हिंसेचा विचार करून घरातील सर्वांनी बसून ठरवावे, ते ओझे डोळे उघडे ठेवून उचलता येते. मात्र तो इतरत्र जात असेल तर कोठे, कोणत्या युद्धात, हे कळले पाहिजे. त्याने मध्यस्थाला विचारले. उत्तर आले की माल निर्यातीचा आहे, पुढचे नाव सांगण्याची पद्धत नाही. दोनदा विचारले, दोनदा तेच उत्तर. मी पुतण्याला त्या वृद्ध बाईंचा प्रश्न सांगितला. धरणाच्या खालच्या अंगाला कोण राहते, हे सांगायला जो तयार नाही, त्याच्यासाठी आपण भिंतीला हात लावायचा का? तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आणि हप्त्याचे काय?"

हा प्रश्न योग्य होता. धर्माची गोष्ट सांगून त्याची किंमत एकट्या तरुणाच्या माथी मारणे, ही आपल्या घरांतील जुनी खोड आहे. थोरल्यांनी नियम सांगायचा आणि धाकट्यांनी तोटा सोसायचा. म्हणून त्या रात्री भारतातल्या आणि इथल्या अशा आम्ही सर्वांनी मिळून ठरवले. काम नाकारायचे, आणि वर्षभर यंत्राचा हप्ता चार घरांनी वाटून घ्यायचा. माझा वाटा मी माझ्या नावच्या ठेवीतून दिला. ही मदत नाही, भागीदारीतील तोटा आहे, असे दिरांनी वहीत स्वच्छ लिहिले. पुतण्याने शेतीच्या पंपांचे भाग करण्याचे कमी दराचे काम घेतले आहे. नफा थोडा आहे. यंत्र चालू आहे.

परत आल्यावर मी त्याच्या कारखान्यात गेले होते. कामगार आठ. हजेरीच्या पुस्तकात त्यांची नावे पाहिली. दोघांची अर्धीच होती. एकाच्या पुढे नुसते गाव. मी बसून सगळ्यांची पूर्ण नावे, मूळ गाव, घरी कोण, अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचे, हे विचारून लिहून घेतले. एक मुलगा ओडिशातून आलेला. आईचे नाव सांगताना तो लाजला. पुतण्या बाजूला उभा राहून पाहत होता. त्याने अजून "काकू, तुमचेच बरोबर होते," असे म्हटलेले नाही, आणि त्याने म्हणावे असा माझा आग्रहही नाही. हप्ता दर महिन्याच्या सात तारखेला जातो. जेथे आपला माल जाईल तेथील पत्ता विचारण्याची रीत मात्र त्याने आता पंपांच्या कामातही ठेवली आहे, असे दिरांकडून कळले.